पुसलेल्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. सुलोचनाबाई गेल्या, हे कोंढा गावाला माझ्यावरूनच कळले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा शेजारच्या तुलारामने मला ओसरीच्या भिंतीवरून उतरवले आणि ओल्या फडक्याने पुसले. माझ्यावर त्याने बाईंचे नाव आणि अंत्ययात्रेची वेळ लिहिली. मग मला चौकात ठेवले. आमच्याकडे अशी बातमी फळ्यावर लिहूनच देतात. तुलारामचे काही चुकले नाही. पण त्याने जे पुसले, ते बाईंनी त्याच सकाळी लिहिले होते, छातीत दुखू लागण्याआधी. ते कोणीच वाचले नव्हते.

माझा जन्म आंधळगावच्या एका सुताराकडे झाला. पुष्कळ वर्षे मी अंगणवाडीत होतो. बाई तिथे शिकवत, आणि मुले माझ्याशी खेळून खडूने पांढरी होत. नवा चकचकीत फळा आला, तसा मी कोपऱ्यात गेलो. माझ्या खिळ्याला झाडू टांगू लागले. नोकरी संपली तेव्हा बाईंनी मला मागून घरी आणले.

एका शिबिरात त्या हायकू शिकल्या होत्या. तीन ओळी, पाच, सात आणि पाच अक्षरे. आज डोळ्यांनी पाहिले तेच लिहायचे, हा नियम त्यांचा स्वतःचा. रोज सकाळी एक हायकू, दुसऱ्या दिवशी तो पुसून नवा. दुसरीकडे कुठेही त्या तो उतरवून ठेवत नसत.

त्यांचे यजमान पुंडलिकराव बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाण्यावर धानाची शेती करतात. ते चहा पिता पिता सुचवत, "बोडीवर बगळा बसला हाये, लिव ना."

"अजी, कोणता पाय वर घेतला हाये त्यानं?"

"मी धानाच्या बांधीतलं पाणी पाहू का बगळ्याचे पाय पाहू?"

"मंग बगळा पाह्यलाच नाही तुम्ही!" बाई हसत.

तेरवी झाल्यावर पुंडलिकरावांनी मला पुन्हा ओसरीत टांगले. तुलारामला विचारले, "काय लिवलं होतं गा तिनं?"

"भाऊ, मी कायले वाचू? बातमी लिवाची घाई होती."

तेव्हापासून पुंडलिकराव शोधत आहेत. त्या सकाळी तिने काय पाहिले असेल? बोडी, बांध, मोहाचे झाड, सगळीकडे ते जाऊन उभे राहतात. धानाच्या लोंबीवर दव कुठे थांबते, हे त्यांना या वयात कळले. खंड्या बुडी मारण्याआधी मान वरखाली करतो, हेही. घरी येऊन ते बोटांवर अक्षरे मोजतात, माझ्यावर लिहितात, लांब उभे राहून वाचतात आणि म्हणतात, "हे नसन." मग पुसतात. जन्मभर ज्याला नुसते 'पाखरू' म्हटले, त्याचे पाय, चोच, बसण्याची तऱ्हा आता त्यांना ठाऊक आहे. सांगायला मात्र घरात कोणी नाही.

मला तोंड नाही, नाहीतर त्यांना सांगितले असते. तुम्हाला सांगतो. त्या ओळी अशा होत्या:

अंगणी दोरी
ओला दुपट्टा त्यांचा
वर चतुर

चतुर म्हणजे तो पातळ पंखांचा, लांब शेपटीचा किडा. बाईंनी त्या दिवशी बोडी पाहिली नव्हती, मोहाचे झाडही नाही. पुंडलिकराव आंघोळ करून शेतावर निघून गेले होते, आणि बाई दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या दुपट्ट्याकडे, म्हणजे अंग पुसायच्या पंचाकडे, पाहत बसल्या होत्या.

मित्रांनो, फळा पुसण्याआधी एकदा वाचत जा. माणूस जवळ आहे तोवर विचारत जा, आज काय पाहिलेस?

आता धान कापणीला आला आहे. पुंडलिकराव पहाटे स्वतःच दुपट्टा पिळतात, दोरीवर टाकतात आणि पाठ फिरवून बोडीकडे चालू लागतात. ऊन आले की चतुर येतो. दोरीकडे त्यांनी अजून वळून पाहिलेले नाही.