करुणेवरचं प्रवचन

म्हैसूरला शेषगिरी रावांकडे योगशास्त्र शिकायला माणसं लांबून येत. निवृत्त प्राध्यापक, मनाचे व्यापार असे उलगडून सांगत की ऐकणाऱ्यांच्या हातातली कॉफी निवून जाई. स्वतः मात्र ते कधी ध्यानाला बसले नव्हते. पत्नी वैदेही रोज पहाटे प्राणायाम करी. त्याला ते हसत ‘नाक धरणं’ म्हणत.

एका दुपारी त्यांची लेक सुमुखी सासर सोडून आली. नवरा हात उगारतो, परत जाणार नाही, एवढंच तिने सांगितलं. राव भडकले. लोकांना तोंड कसं दाखवू, म्हणाले; उद्याच्या गाडीने परत जा, असं बजावलं. वैदेहीने शांतपणे लेकीची पिशवी भरायला घेतली.

संध्याकाळी प्रवचनाला विषय होता करुणा. “दुःखी माणसाला जाब विचारू नये,” राव सांगत होते, “आधी त्याच्याजवळ बसावं.” आतून सुमुखीचा दाबलेला हुंदका ऐकू आला. रावांनी प्रवचन तिथंच थांबवलं, हात जोडून मंडळींना निरोप दिला आणि ते आत गेले.

सुमुखी डोळे पुसत म्हणाली, “अप्पा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण राग आला की त्यातलं काहीच तुमच्या मदतीला येत नाही. अम्मा, तू शांत असतेस, पण त्या शांतीत मला जागा नाही.”

राव तिच्याशेजारी जमिनीवर बसले. “चुकलो गं, बाळ. कुठं जायचं नाही.”

वैदेहीने भरलेली पिशवी रिकामी केली. “इतकी वर्षं श्वास आवरला,” ती नवऱ्याला म्हणाली, “पण कशासाठी, ते तुम्हाला कधी विचारलंच नाही हो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे राव वैदेहीशेजारी ध्यानाला बसले. पाठ अवघडली, जावयाबद्दलचा संताप उसळून आला. तिने श्वास लांबवायला शिकवलं. तो संताप नुसता पाहायचा कसा, ते त्यांनी तिला समजावलं. मग डोकं थंड ठेवून दोघं लेकीबरोबर वकिलाकडे गेले. पुढे सुमुखी म्हैसूरच्याच एका शाळेत शिकवू लागली.

वाचकहो, आपणही कुणी नुसतं वाचतो, कुणी नुसतं करतो. जाणणं आणि आचरणं एकत्र आलं की योग घरात उतरतो, आणि घरातलं दुखावलेलं माणूस आपल्याजवळ निर्धास्त बसू शकतं.