मागे घेतलेला घोडा

ओयार्सने दुसरं पोस्टकार्ड लिहून बाजूला ठेवलं आणि पहिलं चुलीत टाकलं. ते पुरतं जळेपर्यंत तो वाकून बघत राहिला.

"आता कार्डंही सरपणाला लागतात का?" त्याची बायको मिल्दा पाव कापता कापता म्हणाली.

"चाल चुकली होती."

"आठवडाभर त्या पटावर डोकं फोडतोयस, आणि चुकली?"

तो खुर्चीत बसला. "चुकली नव्हती. तीच तर पंचाईत आहे."

टपालाने चाललेला हा डाव काल्वे मास्तरांशी होता. कुल्दीगाच्या शाळेत त्यांनीच ओयार्सला बुद्धिबळ शिकवलं होतं. आता ओयार्सचेही केस पिकले होते, आणि मास्तरांची फुप्फुसं निकामी होत आल्याने ते रीगाच्या इस्पितळात पडून होते. दुसऱ्याच चालीत काळ्याने आपल्या राजाची बाजू उघडी टाकून उंटापुढचं प्यादं बळी द्यायला पुढे रेटायचं, हा लात्वियन गँबिट म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. मोठमोठे खेळाडू त्याला हसत. मास्तर मात्र चाळीस वर्षं तोच खेळत आले होते; या डावातही काळ्या सोंगट्या त्यांच्याच होत्या. आणि चौदाव्या चालीला पांढऱ्याने आपला घोडा गुपचूप मागे घेतला, की तो गँबिट पार कोसळतो, हे ओयार्सला दिसलं होतं.

"अशा अवस्थेत त्यांना हे कसं कळवू?"

"मग काय लिहिलंस?"

"किल्लेकोट. साधी, बिनविषारी चाल."

"बरं केलंस," मिल्दा म्हणाली आणि तिने कार्ड पिशवीत टाकलं.

उत्तर आलं नाही. महिन्याभरात मास्तरच गेले.

दफनानंतर मास्तरांच्या मुलीने, बिरुताने, ओयार्सला थांबवून घेतलं. बशीतले पिराग, मांस भरलेले छोटे पाव, त्याच्यापुढे सरकवून तिने खिशात मावणारा बुद्धिबळाचा पट काढला, भोकांत सोंगट्या खोचायचा.

"हा तुम्ही ठेवा, ओयार्सदादा. इस्पितळात सतत उशाशी असायचा. तीन आठवडे बाबांनी हा पांढरा घोडा इथं मागे आणून ठेवला होता. नर्सलासुद्धा हात लावू देत नव्हते."

ओयार्सने तिच्या बोटाखालचं घर पाहिलं. तेच घर होतं.

"म्हणायचे, 'या गँबिटमधली खोट मला अकरा वर्षांपूर्वीच सापडली. पण सांगणार कुणालाच नाही. माझ्या एखाद्या पोराला आपली आपण सापडू दे, मग मी सुखाने मरेन.' रोज विचारायचे, ओयार्सचं कार्ड आलं का गं?"

"आणि आल्यावर?"

"वाचलं. घोडा उचलून परत पुढे ठेवला. म्हणाले, यालाही नाही दिसलं."

ओयार्सने बशी बाजूला सारली.

"मला दिसलं होतं, बिरुता. कार्ड लिहिलंही होतं. मीच चुलीत टाकलं."

सकाळपासून तिचं सांत्वन करायला आलेल्या प्रत्येकाकडे तिने जसं पाहिलं होतं, तसंच तिने त्याच्याकडे पाहिलं.

"दिसलंच असेल हो, दादा," ती मायेने म्हणाली. "थोडं खाऊन घ्या."

त्याने पांढरा घोडा उपसला आणि मागच्या भोकात खोचला. भोक सैल झालं होतं. घोडा उभा राहीना.