तांब्याच्या पट्टीवरचा नमदा

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी पट्टी आहे. चार बोटे रुंद, दोन वीत लांब आणि मधोमध जरा झिजलेली. मंगोलियाच्या दक्षिणेला, गवताळ माळ संपून वाळवंट सुरू होते तिथे, एका लहान गावाच्या पेट्रोल पंपावर मी लोखंडी खांबाला जोडलेली आहे. माझे काम एका वाक्यात सांगता येते. माणसाच्या अंगात साठलेली वीज जमिनीत सोडायची. हे काम चुकले, तर पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडू शकते. एकदा ते चुकले. त्याची ही हकीकत.

आमच्याकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हवेत ओल नावालाही नसते. टोपी काढली की केस उभे राहतात. कूस बदलली की पांघरूण तडतडते. बाळाला उचलण्याआधी आई हातातली किल्ली लोखंडी चुलीला टेकवते, नाहीतर तिचे बोट लागताच बाळ दचकून रडते. मांजरे तर हिवाळाभर मुलांना अंगाला हात लावू देत नाहीत. हे सगळे लोक हसून सोसतात. पेट्रोलजवळ मात्र हसण्यासारखे काही नसते.

माझी पहिली बावीस वर्षे गावच्या वीजघरात गेली. डिझेलवर चालणाऱ्या त्या वीजघराच्या पॅनेलमध्ये मी बसवलेली होते. पुढे शहरातून तारा आल्या, वीजघर बंद झाले, आणि सगळे सामान भंगारात निघाले. तिथला वायरमन सोदनोम याने मला स्वतःच्या हाताने सोडवून घरी नेले. चार वर्षे मी त्याच्या पलंगाखाली, बूट आणि सुकवलेल्या दह्याचे पोते यांच्या मधे पडून होते. कुणी माझी आठवण काढली नाही.

एका वसंतात त्सेवेलमा त्याच्याकडे आली. ती पंपावर पेट्रोल भरते. त्या पंपावर ती एकटीच असते.

"सोदनोमदादा, आज माझ्या बोटातून नळीवर ठिणगी उडाली. निळी. एवढी." तिने नखाएवढे अंतर दाखवले.

"वास येत होता?"

"पंपावर पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा येणार?"

सोदनोम हसला नाही. त्याने पलंगाखाली हात घातला.

जुलैत जमीन मऊ झाल्यावर त्याने पंपाशेजारी माणूसभर खोल खड्डा खणला. त्यात लोखंडी कांब उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरले, आणि कांबेपासून जाड तार वर आणून माझ्या पाठीला जोडली. मग त्सेवेलमाला म्हणाला, "हिला रंग लावू नकोस. कधीच." एवढेच. का लावायचा नाही ते त्याने सांगितले नाही, तिनेही विचारले नाही.

त्सेवेलमाने नियम केला. गाडीतून उतरलात की हातमोजा काढून आधी पट्टीला हात, मग टाकीचे झाकण. मध्येच पुन्हा गाडीत बसलात, तर उतरल्यावर पुन्हा हात.

"ताई, हिच्यापुढे नवस कसला बोलायचा?" ट्रकवाले चिडवत.

"धड घरी पोचायचा. लाव हात."

"आणि नाही लावला तर?"

"तर गाडी ढकलत ने. पुढचा पंप दीडशे किलोमीटरवर आहे."

नऊ हिवाळे असे गेले. हजारो तळव्यांनी माझा मधला भाग घासून लखलखीत केला. बोट टेकले की बारीक 'टक्' आवाज होई, वीज माझ्यातून तारेत, तारेतून कांबेत आणि कांबेतून जमिनीत जाई. त्या नऊ वर्षांत पंपावर काहीही घडले नाही. लोक मला नावाजत, "हिच्यामुळे आपण वाचतो" म्हणत. माझे ते सुखाचे दिवस होते.

दहावा हिवाळा फार कडक आला. पारा शून्याखाली एकेचाळीसवर गेला. उंटांना पाणी पाजून आलेल्या एका म्हाताऱ्याने ओलसर बोटे मला टेकवली आणि ती चिकटली. त्याने हात ओढला तेव्हा कातडीचा पापुद्रा माझ्यावर राहिला.

"पंप आहे की कसाईखाना?" रांगेतले कुणीतरी ओरडले.

त्या दिवसापासून लोक टाळाटाळ करू लागले. कुणी बाहीने शिवल्यासारखे करी, कुणी कोपर टेकवी. त्सेवेलमाला त्या म्हाताऱ्याचे वाईट वाटले होते, आणि नियम मोडतो आहे याची काळजीही होती. तिने घरातला जाड नमदा, म्हणजे लोकर कुटून केलेले आमचे कापड, कापून माझ्या मापाची खोळ शिवली. कडेला शिंगांची नक्षीही काढली.

"आता चटका बसणार नाही," ती म्हणाली. "आता तरी लावा रे हात."

लोकांनी लावला. आधीपेक्षा जास्त लावला. सोदनोम तेव्हा गुडघ्यांच्या उपचारासाठी राजधानीत मुलीकडे होता. खोळ पाहायला तो गावात नव्हता.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळले. बोटांचा दाब पोचत होता, त्यामागून वीज येत नव्हती. सात आठवडे मी नमद्याखाली उबेत होते आणि काही करत नव्हते. गाडीच्या दाराला झटके बसतात अशी तक्रार लोक करत. "यंदा थंडीच तशी आहे," असे एकमेकांना सांगत. मी बोलू शकत असते, तर त्याच वेळी बोलले असते.

त्सागान सार म्हणजे आमचे नवे वर्ष. त्याच्या आदल्या दुपारी पंपावर रांग लागली होती. जो तो नव्या कपड्यांत नातलगांकडे निघाला होता. उंट पाळणारा पुरेव बायको आणि दोन मुलांना घेऊन जीपने आला. उतरला, हातमोजा काढला, खोळीला हात लावला आणि टाकीचे झाकण उघडले. त्सेवेलमा पेट्रोल भरू लागली. धाकटी मुलगी रडली म्हणून पुरेव आत जाऊन बसला. सीटवर नायलॉनचे केसाळ कापड होते. मुलीला गप्प करून तो पुन्हा उतरला, आणि नियमाप्रमाणे त्याने पुन्हा खोळीला हात लावला.

मग काटा पाहायला तो पुढे झाला, बर्फावर घसरला आणि त्याचा पाय त्सेवेलमाच्या पायावर पडला.

आमच्यात कुणाच्या पायावर पाय पडला की तिथल्या तिथे हात मिळवायचा असतो. मिळवला नाही, तर दोघांत वैर राहते. हातमोज्यातला हात चालत नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वैर घेऊन कोण घरी जाईल? दोघांनीही विचार केला नाही. त्सेवेलमाने डाव्या हाताने नळी धरली, दातांनी उजवा हातमोजा ओढून काढला, आणि टाकीच्या तोंडावरच उजवा हात पुढे केला. पुरेवचा हात तिच्या बोटांपर्यंत आला.

ठिणगी पडली. टाकीच्या तोंडावर जाळ उभा राहिला.

त्सेवेलमाने नळी ओढली नाही. ओढली असती, तर पेटते पेट्रोल सगळीकडे उडाले असते. तिने नळीचा खटका सोडला, पुरेवला ढकलले आणि धावत जाऊन मुख्य बटण दाबले. पुरेवने मुलांना बाहेर काढले. त्याच्या बायकोने इंजिन गोठू नये म्हणून जीपच्या बॉनेटवर घातलेली जाड गोधडी उचलून जाळावर दाबली, मागच्या ट्रकवाल्याने वाळू टाकली. आग विझली. पुरेवच्या भुवया जळाल्या होत्या. त्सेवेलमाचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता.

आणि हात मिळवायचा राहिलाच होता.

"पुरेवच्या तोंडात सिगारेट असणार," दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले.

"मी दोनदा हात लावला होता," पुरेव सांगत होता. "दोन्ही वेळा. विचारा ताईला."

हाताला पट्ट्या बांधलेली त्सेवेलमा सगळ्यांसमोर म्हणाली, "लावला असतास, तर हे झालंच नसतं."

पुरेव मान खाली घालून निघून गेला. नव्या वर्षाच्या भेटीला त्याच्या घरी कुणी फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी सोदनोम परतला. तो थेट पंपावर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"टाके चांगले आहेत."

"दादा, सरळ बोल."

त्याने खोळ ओढून काढली. "रंगासारखीच कोरडी लोकरही वीज अडवते, त्सेवेलमा. इतके दिवस लोक नमद्याला हात लावत होते. पट्टीला नाही."

तिने खोळ डाव्या हातात घेतली. मग म्हणाली, "म्हणजे पुरेव खोटं बोलत नव्हता."

"नाही."

"आणि मी त्याला चारचौघांत..."

"रंग लावू नकोस एवढंच मी तुला सांगितलं होतं," सोदनोम म्हणाला. "का, ते सांगितलं असतं, तर नमदाही लावला नसतास. अर्धी चूक माझी."

"तुझी तू ठेव. माझी मला निस्तरू दे."

त्या आठवड्यात पेट्रोलला येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितले. पुरेवने नियम पाळला होता, चूक खोळीची होती, आणि खोळ तिने शिवली होती. काही जणांनी ऐकून मान हलवली. एकदोघांनी तोंड वाकडे केले. तिने त्यांनाही पुन्हा सांगितले.

पुरेव दहा दिवसांनी आला. जीप लांबच उभी करून तो जीपजवळच थांबला.

"पुरेवदादा, आपला हात मिळवायचा राहिलाय," त्सेवेलमा म्हणाली.

"तुझा हात बांधलेला आहे."

"बोटांची टोकं उघडी आहेत."

"आणि पुन्हा पेटलं तर?"

"म्हणूनच इकडे ये. पंपापासून लांब, खांबाच्या या बाजूला. आणि आधी हिला हात लाव."

त्याने हातमोजा काढला आणि उघड्या तांब्यावर तळवा टेकवला. थंडीने त्याचा चेहरा आक्रसला. 'टक्' झाले. पट्ट्यांतून बाहेर राहिलेली दोन बोटे तिने माझ्यावर ठेवली. ती ठेवताना तिला दुखले. दोघांचीही वीज मी जमिनीत सोडली.

मग त्यांनी हात मिळवला. काहीही झाले नाही.

मित्रांनो, लोकांनी मला दुष्टपणाने झाकले नव्हते. मायेने झाकले होते. म्हणून माझी विनंती साधी आहे. एखाद्या वस्तूला ऊब द्यायच्या, रंगवायच्या किंवा सजवायच्या आधी ती काम कसे करते ते विचारा. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर नुसता नियम सांगू नका, त्यामागचे कारणही सांगा. मी गार आहे, बोचते, हे मला माहीत आहे. तरी मला उघडीच राहू द्या. बोटे कोरडी करा, हातमोजा काढा आणि क्षणभर चटका सोसा.