सहा चित्रांतलं घर

चौथ्या चित्रातली बाई पाय पसरून झोपली होती. ते बघून समोर बसलेल्या सगळ्याजणी हसायला लागल्या. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला पाय पसरायला कधी मिळालंय?

दुष्काळ नुकताच सरला होता आणि विडी कामगारांच्या संस्थेत घरं बांधायचं घाटत होतं. नकाशा बायकांना कळत नाही, म्हणून संस्थेचे नकाशे काढणाऱ्या यज्ञेश्वरनं नव्या घरातला एका बाईचा दिवस सहा चित्रांत काढला आणि कागद भिंतीला चिकटवले. जे पटत नाही ते आत्ताच सांगा, विटा चढल्यावर काही बदलता येणार नाही, असं त्यानं बजावलं. बायकांना असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. आधी लाजल्या, मग सुटल्याच. कुणाला मोरी मोठी हवी, कुणाला विड्या वळायला दारापाशी उजेड. तो बिचारा खोडत होता, पुन्हा काढत होता.

सुंदरम्माची नजर मात्र चौथ्या चित्रावरून हलत नव्हती. एकच खोली आणि त्यात सगळे झोपलेले. तिच्या घरीही तसंच होतं. नवरा तिप्पण्णा कॉटवर, आणि त्याच्या पायाशी खाली त्यांची वयात आलेली लेक बसव्वा. गिरणीतल्या कापसानं नवऱ्याला दमा लागलाय, असं तिनं गल्लीत सांगून ठेवलं होतं. तो दमा नव्हता, टीबी होता. हे फुटलं तर तिच्या हातच्या विड्या कुणी घेणार नव्हतं, की बसव्वाला कुणी सून करून घेणार नव्हतं. डॉक्टरांनी पोरीला लांब झोपवा म्हणून सांगितलं होतं. लांब म्हणजे कुठं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"हितं मधी एक भित पायजे," ती म्हणाली.

यज्ञेश्वरनं पेन्सिलीनं रेघ मारली. शेजारच्या सोनाबाईनं लगेच चिमटा काढला, या वयात नवऱ्याबरोबर वेगळी खोली हवी होय म्हणून. हशा पिकला. सुंदरम्माही हसली, हसावंच लागलं. मेलीला काय ठाऊक! पैसे मोजकेच, भिंत घातली तर बाहेरचा ओटा जाईल, असं यज्ञेश्वरनं सांगितलं. ओटा तर सगळ्यांनाच हवा होता. भिंतीसाठी एकटीचाच हात वर आला. त्यानं खोडरबर उचललं.

सुंदरम्मा उठली आणि तिनं त्या रेघेवर तळहात ठेवला.

"पुसू नका. आमच्या मालकास्नी टीबी हाय. पोरगी त्यांच्या पायाशी निजती."

हसू जागच्या जागी विरलं. सोनाबाईनं विड्या वळायला बरोबर आणलेलं आपलं तंबाखूचं सूप हळूच पलीकडं ओढून घेतलं. कुणी वाईट बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

यज्ञेश्वर खालच्या आवाजात म्हणाला, तुमच्या घरात भिंत घालू, दार कुठं ठेवू ते सांगा.

"दार भायेरनं ठेवा. आतनं नको, पोरगी जाती मग. बापावर लई जीव हाय तिचा. आतनं ताट सरकंल येवढी खिडकी बास."

किती उंचीवर, असं त्यानं विचारलं. सुंदरम्मा जमिनीवर आडवी झाली आणि कॉटवर पडल्यागत तिनं हात वर केला. त्यानं कॉटची उंची धरून शेजारच्या भिंतीवर खूण केली. ती तशीच पडून राहिली, मग तिनं हात थोडा खाली आणला.

"अजून खाली घ्या," ती म्हणाली, "आता त्यांचा हात येवढा उचलत न्हाय."