सातव्या वाफ्याचं पाणी

शेव्याच्या खाडीलगतच्या त्या मिठागरावरचा माल त्या साली दोनदा मुंबईहून परत आला. पहिल्यांदा माघात आणि मग होळीच्या तोंडावर. शिडाच्या मचव्यात भरून गेलेलं मीठ जसंच्या तसं धक्क्याला लागलं. ज्या बायांनी ते भरलं होतं त्यांनीच ते पुन्हा डोक्यावरच्या पाट्यांतून उतरवून घेतलं.

साल १९५४. मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्याला मीठ हवं होतं, पण कडू मीठ नको होतं. तिसऱ्यांदा माल परत आला तर मालक शिवदासशेठ पुढल्या साली मिठागर चालवणारच नव्हते. बांध फोडून खाडी आत घ्यायची आणि जागा मासळीच्या ठेकेदाराला द्यायची, असं ठरल्यासारखंच होतं. मुकादम येसाजी हे रोज सकाळी बायांना ऐकवायचा. चाळीस घरं त्या मिठावर जगत होती.

राही त्यांतलीच एक. वय तीस-बत्तीस, नवरा मोरू मुंबईच्या गोदीत. बारा वर्षांची असल्यापासून ती मिठाच्या पाण्यात उभी होती. येसाजी तिचा चुलतदीर, पण कामावर तो फक्त मुकादम असे.

शेठनी अलिबागचा एक शिकलेला तरुण पाठवला होता, दिनानाथ. रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत त्याने बाटल्या मांडल्या होत्या. त्यांत एक काचेची लांब नळी होती. ती पाण्यात सोडली की तरंगायची, आणि पाणी किती दाट झालंय ते तिच्यावरच्या रेघांवरून कळायचं. महिनाभर तो खोलीत बसून मीठ गोड पाण्याने धुऊन बघत होता. धुतलेलं मीठ झकास व्हायचं, पण बादलीभर मिठाला दोन हंडे गोडं पाणी लागे, आणि गावात प्यायलाच पाणी बैलगाडीतून यायचं.

ते पाणी त्याच्या खोलीवर पोचवायचं काम राहीकडे होतं. एका दुपारी हंडा उतरवताना ती म्हणाली, "साहेब, मीठ धुताय कशाला? मिठात कडवटपना नंतर येतो. आधी येतो तो पान्यात."

दिनानाथने मान वर केली. "म्हणजे?"

"लोनच्याला आमी पयल्या येळचं मीठ नेतो. वाफा नवा भरला, पयलं मीठ ओढलं, ते घरी. तिसऱ्या-चवथ्या येळचं मीठ घातलं तर कैरी कडू होते. गावात कुनालाबी इचारा."

"मग हे आजवर कुणी सांगितलं का नाही?"

राहीला हसू आलं. "कुनी इचारलं?"

दिनानाथने हातातली बादली खाली ठेवली. मिठागरावर रीत अशी होती की वाफ्यातलं मीठ ओढून काढलं की उरलेल्या जुन्या पाण्यातच वरून नवं पाणी सोडायचं. तसं केलं की मीठ लवकर धरतं. पण दर वेळी मागे राहिलेला कडवटपणा साठत जातो, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. त्याने विचारलं, "पाणी कधी बिघडलं ते तुम्हाला कळतं?"

"पायाला कळतं. चांगलं पानी भेगांत झोंबतं आनि इसरतं. बिघडलेलं पानी तेलासारखं बुळबुळीत लागतं, आनि जी आग सुरू होते ती घरी गेलं तरी जात न्हाय. सातव्या वाफ्याचं पानी आता तसंच झालंय."

दिनानाथने त्याच संध्याकाळी येसाजीला गाठलं. सातव्या वाफ्यातलं जुनं पाणी सगळं सोडून द्या, मागच्या तळ्यातलं नवं पाणी भरा, आणि काय होतं ते बघू. येसाजीने साफ नकार दिला.

"पानी सोडायचं म्हंजे मीठ सोडायचं, साहेब. चार दिवसांचं ऊन वाया. शेठ शुक्रवारी येनार, त्यांना ढीग दिसला पायजे. बायांची मजुरी पाटीवर, माझी ढिगावर. तुमी परीक्षा कराल, उपाशी आमी राहू."

दिनानाथने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून पाहिलं. येसाजी ऐकेना. राहीने हे सगळं लांबून ऐकलं. शुक्रवारला चारच दिवस राहिले होते. मीठ धरायला चार दिवस लागतात. दुपारच्या ओहोटीला पाणी सोडलं तरच ते खाडीत उतरेल. उद्यावर टाकलं की वेळ गेली.

त्याच दिवशी, सोमवारी दुपारी बाया भाकरी खायला झाडाखाली गेल्या तेव्हा राहीने फावडं उचललं. सातव्या वाफ्याच्या खालच्या बांधावर उभं राहून तिने पहिला घाव घातला. चिखल ओला होता, सहज सुटला. तिसऱ्या घावाला पाणी वाटेला लागलं.

"राहे! काय करतेस?"

येसाजी बांधावरून धावत आला. त्याने तिच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं आणि खाचेत चिखल लोटायला लागला. राही खाचेतच उभी राहिली. तो तिला हात लावू शकत नव्हता आणि ती हलत नव्हती.

"बाजूला हो. आज तुझं काम सुटलं, आनि तुझ्या सासूचंबी. तुझ्या घरातलं मानूस या आगरात दिसलं तर बघ."

"काढा कामावरनं, भावजी. पन पानी जाऊ द्या."

आरडाओरडा ऐकून बाया भाकरी टाकून आल्या. दिनानाथही खोलीतून पळत आला, हातात काचेची नळी घेऊन. येसाजी त्याच्यावर उसळला. "तुमच्या नादाला लागली ही. आता तुमीच मोजा. पानी खराब असंल तर मी गप बसतो. नसंल तर हिला तुमीच गावाबाहेर पोचवा."

दिनानाथने वाफ्यातलं पाणी भांड्यात घेतलं, नळी सोडली. सगळे बघत होते. नळी डोलली, थांबली. जुनं पाणी टाकून द्यावं अशी जी खूण पुस्तकात दिली होती, तिच्यापेक्षा पाणी दोन रेघा खालीच होतं. नळीच्या हिशेबाने ते पाणी चांगलं होतं.

त्याचा चेहरा पडला. येसाजीने ते बघितलं आणि चिखल लोटायला पुन्हा वाकला.

"थांबा," दिनानाथ म्हणाला. त्याने बूट काढले. नव्या बुटांनी टाचेवर फोड येऊन फुटला होता, त्याची कातडी अजून ओली होती. पँट वर करून तो आधी आठव्या वाफ्यात उतरला. तो वाफा गेल्याच आठवड्यात पहिल्यांदा भरला होता. टाच झोंबली, त्याने ओठ चावला, क्षणभराने झोंबणं ओसरलं. मग तो सातव्यात उतरला. पाणी पायाला बुळबुळीत लागलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टाचेत जे पेटलं ते वाढतच गेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो तिथेच उभा राहिला.

"दर वेळी वरून नवं पाणी सोडतात ना," तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. "पाणी पातळ होतं आणि नळी फसते. कडवटपणा मात्र तळाला तसाच."

तो येसाजीकडे वळला. "मुकादम, पाणी जाऊ द्या. शेठना जाब मी देईन. नोकरी गेली तर माझी जाईल."

"तुमी अलिबागला जाल साहेब. आमी कुठं जावं?"

एवढ्या बोलण्यात खाच रुंदावली होती, आणि सातव्या वाफ्याचं पाणी ओहोटीबरोबर खाडीत निघून गेलं. येसाजीने फावडं चिखलात रोवलं आणि पाठ फिरवून निघून गेला. तेच फावडं घेऊन दिनानाथने खाच बुजवली आणि मागच्या तळ्यातलं पाणी सातव्यात सोडलं.

पुढचे चार दिवस राही कामावर नव्हती. ती घराच्या ओटीवरून मिठागराकडे बघत बसायची. सासू तिच्याशी बोलत नव्हती. पाण्याला जाताना बाया तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. बुधवारी पश्चिमेला काळे ढग चढले. चैत्रातला एक सडा पडला असता तरी वाफ्यातलं सगळं मीठ विरघळून गेलं असतं. राही उंबऱ्यात उभी राहून ते ढग उरणच्या डोंगरामागे सरकेपर्यंत जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि सातव्या वाफ्यावर पांढरी साय धरली. इतर वाफ्यांपेक्षा विरळ, पण दाणा टपोरा.

शुक्रवारी शिवदासशेठ लाँचने उतरले. येसाजी पुढे होऊन त्यांना ढीग दाखवत होता. दिनानाथने त्यांना खोलीत नेलं आणि राहीला बोलावणं धाडलं. ती आली ती दाराशीच थांबली. तिच्यामागे एकेक करून बायाही जमल्या.

दिनानाथने दोन पेल्यांत मिठाचं पाणी केलं. एकात सहाव्या वाफ्याचं मीठ, दुसऱ्यात सातव्याचं. दोन्हींत त्याने चुन्याची निवळी ओतली; मीठ कडू असेल तर तिने पाणी गढुळतं. सहाव्याचा पेला बघता बघता ताकासारखा गढुळला. सातव्याकडे सगळ्यांचे डोळे लागले. निवळी मिसळली, किंचित धूसर झाली आणि तशीच राहिली. पेल्याच्या पलीकडची शेठची बोटं दिसत होती.

शेठनी सातव्याच्या मिठाचा खडा जिभेवर ठेवला. "सारू छे," चांगलं आहे, असं ते आपल्या गुजरातीत हळूच म्हणाले. "कसं केलं, दिनानाथ?"

राहीला वाटलं, आता हा स्वतःचं नाव सांगेल, आणि सांगितलं तरी आपण काय करणार.

"मी नाही केलं, शेठ. महिनाभर मी चुकीच्या जागी शोधत होतो. या राहीबाईंनी सांगितलं आणि यांनीच बांध फोडला. माझी नळी तर नको म्हणत होती."

शेठ हसले. "ठीक. आता सगळ्या वाफ्यांना असंच करा. येसाजी, ऐकलं ने?"

येसाजी मान खाली घालून हो म्हणणार, तोच दारातून राही बोलली.

"शेठ, कुनी करनार न्हाय."

"केम? का नाही?"

"पानी सोडलं की मीठ कमी पडतं. आमची मजुरी पाटीवर हाय. आपल्याच हातानं आपली पाटी कोन कमी करंल? तुमची पाठ फिरली की बाया जुन्याच पान्यात नवं सोडतील. मीबी तेच करीन, पोरं हायत माझी. मजुरी वाफ्यावर धरा. भावजींचीबी ढिगावरनं काढा."

शेठचं हसू मावळलं. "मजुरी काय असते ते तू मला शिकवणार?"

तेव्हा तिच्या मागच्या कोकिळाने डोक्यावरची पाटी उतरवून धक्क्यावर पालथी घातली. मग गोदूने. मग एकेकीने. कुणी घोषणा दिली नाही की काही नाही, पालथ्या पाट्या नुसत्या वाजत गेल्या. भरतीची वेळ होती, मचवा अर्धा रिकामा उभा होता, आणि कारखान्याचा माणूस रविवारी माल बघायला बसणार होता.

शेठनी येसाजीकडे बघितलं. "तू काय म्हणतोस?"

येसाजीने घाम पुसला. राहीकडे न बघता तो म्हणाला, "ती बोलतेय ते खोटं न्हाय, शेठ. ढिगावर मजुरी असंल तवर मीबी कुनाला बांध फोडू देनार न्हाय."

शेठनी अर्ध्या रिकाम्या मचव्याकडे नजर टाकली. मग कोटाची गुंडी लावत म्हणाले, "या हंगामापुरती वाफ्यावर मजुरी. पुढचं पुढे." आणि लाँचकडे चालू लागले.

सातव्या-आठव्या वाफ्यांचं पहिलं मीठ भरून गेलेला तिसरा माल परत आला नाही. त्या हंगामात अकरा वाफ्यांचे बांध फुटले आणि पुन्हा भरले गेले. दिनानाथने काचेच्या नळीवर शाईने नवी खूण केली, पण तीही बायांना विचारून, आणि दोनदा पुसून पुन्हा केली. राही आणि तिची सासू पुन्हा कामावर आल्या, तरी पावसाळ्यापर्यंत येसाजी राहीशी कामापुरतंच बोलला. वैशाखाच्या अखेरीस एका सकाळी बाराव्या वाफ्यावर राही, कोकिळा आणि गोदू हमरीतुमरीवर आल्या. एक म्हणे आज पाणी सोडा, एक म्हणे अजून दोन दिवस थांबा, आणि राहीला तर दोघींचंही पटत नव्हतं. फावडं खांद्यावर घेऊन येसाजी बांधावर ताटकळत उभा होता.

"अगं, ठरवा की लवकर," तो शेवटी कावून म्हणाला, "ओहोटी चाललीय."