सातव्या मोराचा डोळा

माघ उतरणीला लागला होता आणि कादवेच्या खोऱ्यात ऊन पिकत होतं. डोंगरमाथ्यावर ते कोवळं, पोपटी. उतारावर मधाळ, सोनेरी. आणि नदीच्या पाण्यापाशी पोचेस्तोवर इतकं दाट, इतकं गोड, की ओंजळीत धरून प्यावं आणि वर तोंड पुसावं.

नदी मात्र त्या उन्हाला भाव देत नव्हती. नीलवसना, मंदगामिनी, काळ्या कातळांना वळसे घालत ती आपल्याच तंद्रीत चालली होती. आणि तिच्या दोन्ही काठांवरून, ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, द्राक्षवेली डोंगर चढत होत्या. डोंगर संपला तिथे आकाश लागलं, म्हणून थांबल्या. नाहीतर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

अशा त्या खोऱ्यात, एका हिरव्या सकाळी, एक घर घाट उतरून आलं.

आलं म्हणजे चाकांवर आलं. शाळेची मोडीत निघालेली बस; तिच्या पोटात ओटा, ओट्याखाली पिंप, पिंपाशेजारी पलंग, खिडक्यांना जुन्या चादरींचे पडदे, आणि पुढच्या काचेशी, वळणावळणावर डुलणारी, पत्र्याच्या डब्यातली तुळस. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं पाना फिरवलेल्या विश्राम खैरनारने निवृत्तीनंतर हे घर आपल्या हातांनी बांधलं होतं. शहरी पाहुणे अशा घराला मोटारहोम म्हणतात. विश्रामच्या गल्लीने त्याचं नाव ठेवलं होतं घरंगळ.

स्टिअरिंगशी विश्राम. शेजारी मथुरा, त्याची बायको. आणि दोघांच्या मधे, घाटाएवढी खोल, चार महिन्यांची शांतता.

विश्राम थापाड्या होता. साधासुधा नव्हे, जातिवंत. त्याच्या गोष्टींत बस पुरात वाहून गेलेला पूल उडी मारून ओलांडायची. टायरात कोंडलेला वारा गावोगावच्या भानगडी सांगायचा. आणि एकदा एका इंजिनाला उचकी लागली होती, ती त्याने गूळपाणी पाजून थांबवली होती. मथुरा भाकरी थापता थापता ऐकायची. बेचाळीस वर्षांत तिने एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. पण दर वाक्याला ती म्हणायची, ‘हं.’ आणि गोष्ट अडली की, ‘मग?’

वेलीला मांडव लागतो, तसा थापेला हुंकार लागतो. त्या इवल्याशा, ओठ न उघडता दिलेल्या हुंकारावर विश्रामचं आयुष्य चढलं होतं, पसरलं होतं, घडाघडांनी लगडलं होतं.

मग दिवाळीच्या तोंडावर ती साडी गेली.

साडी मथुरेच्या आईची. आई येवल्याची विणकरीण. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या लेकींसाठी पैठण्या विणल्या. आपल्या लेकीसाठी एकच साडी विणली, साध्या सुताची, ओल्या हळदीच्या रंगाची. फक्त पदरावर, मागाखाली उरलेल्या रेशमाच्या तुकड्यांतून, तिने सात मोर उतरवले. नीलकंठ, स्वर्णपुच्छ, मान वेळावून उभे. सहा मोरांना डोळे दिले. सातव्याच्या डोळ्याची जागा मोकळी सोडली: उभे दोरे तेवढे, आडवा एकही नाही. ‘याला डोळा दिला ना पोरी,’ ती म्हणाली होती, ‘तर हा उडून जाईल.’

मथुरा ती साडी नेसत नसे. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, उलगडायची, हुंगायची, जुनी घडी मोडून नवी घालायची. आणि जिवापाड जपायच्या वस्तूला घरोघरी करतात तसं, एका विटक्या, विरलेल्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवायची.

बोहारीण दारात आली तेव्हा मथुरा दळणाला गेली होती. विश्रामला घरंगळीसाठी मोठं पातेलं हवं होतं. ट्रंकेच्या तळाशी त्याला फाटक्या लुगड्याचं बोचकं दिसलं. त्याने ते उघडलंही नाही. बाहेरून फाटकं ते आतूनही फाटकंच असणार, असं कळलेली माणसं फार हुशार असतात. पातेलं लखलखीत होतं. त्यात तो आपला हसरा चेहरा बघत बसला.

संध्याकाळी मथुरेने ट्रंक उघडली. आणि विश्रामच्या जिभेवर, सवयीने, थाप उगवली. ‘मथुरे, अगं गंमतच झाली. सातव्या मोराला कुणीतरी डोळा दिला बघ. माझ्यादेखत, भर दुपारी, खिडकीतून साडीसकट—’

तिने ‘हं’ म्हटलं नाही.

भांडली असती तर त्याने सोसलं असतं. रडली असती तर त्याने पाय धरले असते. ती चहा देत राहिली, मीठ विचारत राहिली, औषधाच्या गोळ्या काढून ठेवत राहिली. पण त्याने गोष्ट सुरू केली की तिच्या बाजूने फक्त भांड्यांचा आवाज यायचा. मांडवावाचून वेल कशी होते? तशा त्याच्या गोष्टी झाल्या. दोन वाक्यं सरपटायच्या आणि मातीत तोंड खुपसायच्या.

शेवटी त्याने ती बोहारीण हुडकून काढली. ‘लुगडी का?’ ती हसली. ‘ती तर कधीच द्राक्षांच्या अंगावर गेली, अण्णा. कादवेच्या खोऱ्यात जा. तिथल्या बागा आमच्याच साड्या नेसतात.’

विश्रामने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा, एक शब्द न वाढवता. मथुरेने ती थापच धरली. पण दुसऱ्या सकाळी तिने गॅस बंद केला, तुळशीचा डबा उचलला, आणि काही न बोलता घरंगळीत जाऊन बसली.

आणि आता, घाटाच्या शेवटच्या वळणावर, विश्रामने ब्रेक दाबला.

खोरं साड्या नेसलं होतं.

नदीपलीकडे वाइनची द्राक्षं: काळी, बारीक, बेडर, भर उन्हात अंग टाकून ऊन पीत पडलेली. अलीकडे खायची द्राक्षं: हिरवी, नाजूक, ऊन लागलं की पिवळी पडणारी. त्या नाजूक घडांना सावली म्हणून शेतकऱ्यांनी ओळीओळीला जुन्या साड्या बांधल्या होत्या. नजर पोचेल तिथवर बांधल्या होत्या; नजर पोचणार नाही तिथेही बांधल्या असणार.

डाळिंबी, अबोली, गुलबक्षी. मोरपंखी, शेवाळी, शाईसारख्या गर्द निळ्या. लग्नातल्या आणि ओटीतल्या. कुणाच्या डोहाळजेवणाच्या, कुणाच्या पहिल्या पगाराच्या, कुणाच्या शेवटच्या आजारपणात अंगाखाली घातलेल्या. ज्या बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, त्यांचे पदर इथे एकमेकांना बांधले होते. मग वारा आला. आणि सगळ्या साड्या एकदम फुलल्या, एकदम भरल्या, जणू त्यांच्या आत पुन्हा कुणी उभं राहिलं. सहस्रवर्णा, सहस्रपदरा अशी ती दरी एक लांब श्वास घेऊन डोंगराला टेकली.

विश्रामने तोंड उघडलं, आणि मिटलं. वाढवून सांगायला जागाच उरली नव्हती.

‘बाई गं,’ मथुरा म्हणाली. पण ते त्याला नव्हतं. खोऱ्याला होतं.

मग शोध सुरू झाला. सकाळी घर एका बागेशी टेकायचं, दुपारी दुसऱ्या. दोघं ओळींमधून फिरायची; ती एका बाजूने, तो दुसऱ्या. मधे साड्यांची भिंत. त्याला तिची सावली तेवढी दिसायची, जांभळीतून गुलाबीत जाणारी, गुलाबीतून हिरवीत. हळदी रंग पुष्कळ भेटला. मोर भेटले नाहीत.

पाचव्या दिवशी पिंप रिकामं झालं, म्हणून त्यांनी नदी ओलांडून एका वाइनरीच्या आवारात घर थांबवलं. तिथल्या टाक्या सांभाळणारा सखाहरी पन्नाशीचा, बोलका. पाणी भरेस्तोवर म्हणाला, ‘या काकू, आमची द्राक्षं बोलतात. ऐकून जा.’

आत गारवा होता, आणि आंबूस, मधुर, डोकं हलकं करणारा वास. माणसाच्या चौपट उंच टाकीला मथुरेने कान लावला. आत, काळोखात, विस्तवावाचून रस उकळत होता. उन्हाळलेले डोंगर, नदीचं पाणी, पहाटेचं दव, सगळं त्या पोलादी पोटात हळूहळू दुसरंच काही होत होतं, आणि होता होता पुटपुटत होतं.

‘कुणीतरी जप करतंय,’ मथुरा कुजबुजली. तिचे डोळे लहान मुलीसारखे मोठे झाले होते.

विश्रामला राहवलं नाही. ‘त्याचं असं आहे मथुरे, मागच्या जन्मी ही द्राक्षं...’

तो थांबला. हुंकाराएवढी जागा ठेवून थांबला. टाकी पुटपुटत राहिली. मथुरा टाकीचंच ऐकत राहिली.

‘मागच्या जन्मी काय, अण्णा?’ सखाहरीने विचारलं.

‘काही नाही,’ विश्राम म्हणाला. नळाखाली भरलेली बादली त्याने उचलली आणि पाणी पायांवर सांडत बाहेर गेला.

सातव्या दिवशी खोरं संपत आलं. शेवटच्या टेकाडावर ठकूबाई गांगुर्डेची बाग होती. बागेच्या तोंडाशी ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी.

‘लोकं द्राक्षं बघाया येत्यात,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लुगडी बघत फिरताय म्हणं. खाली बोभाटा झालाय, म्हातारा-म्हातारी घर घेऊन आल्यात अन् बागंचे पदर तपासत्यात.’

‘एक साडी हरवलीय,’ मथुरा म्हणाली.

‘हरवली का घालवली?’

 

‘घालवली,’ विश्राम म्हणाला. ‘मी. न उघडता देऊन टाकली. वर खोटं सांगितलं.’

ठकूबाईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘जा, बघा. पर इथं बी नसली, तर म्होरं निस्ता डोंगर हाय.’

ऊन कलंडलं होतं. मावळतीचे लांब, तिरपे, केशरी किरण ओळींमध्ये शिरून साड्यांना आरपार पेटवत होते. विश्राम एकेक पदर बघत चालला. पहिली ओळ. पाचवी ओळ. अकरावी ओळ. आणि अकराव्या ओळीच्या शेवटच्या खांबाशी त्याचे पाय मातीत रुतले.

‘मथुरे,’ तो म्हणाला. ‘मोर.’

पलीकडची सावली थांबली नाही. मोराची थाप तिने एकदा ऐकली होती.

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, शपथ घ्यावीशी वाटली. पण जे समोर होतं त्याला पुढचा शब्द जोडता येईना. तो मटकन खाली बसला, मातीत, हात मांडीवर टाकून. आणि त्या गप्प बसण्यानेच पलीकडची सावली थबकली. बेचाळीस वर्षांत विश्राम खैरनार एका शब्दावर कधी थांबला नव्हता.

ती साड्या बाजूला सारत आली, गुलाबीतून, हिरवीतून, निळीतून. आणि हळदीपुढे उभी राहिली.

ऊन-वाऱ्याने विटलेली. कडेला दशा सुटलेली. पण पदरावर एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. नीलकंठ, स्वर्णपुच्छ, मान वेळावून उभे. आणि सातवा.

सातव्याच्या डोळ्याच्या जागी, जिथे आईने आडवा दोरा कधी घातलाच नव्हता, तिथले उभे दोरे कधीतरी विरून गेले होते. तिथे आता एक बारीक भोक होतं. आणि त्या भोकातून, आतल्या सावलीतल्या घडाचा एक मणी बाहेर डोकावत होता: गोल, हिरवा, रसरशीत. त्याच्या पोटात मावळतीचं ऊन शिरलं होतं. तो उघडा होता, ओला होता, आणि सरळ मथुरेकडे बघत होता.

ठकूबाई मागून आली होती. तिने पदर डोक्यावर घेतला.

मग ती हळूच म्हणाली, ‘काढून न्या बाई. आईचं हाय. मी दुसरं बांधीन तिथं.’

मथुरेने हात वर केला. बोटं गाठीवर ठेवली. गाठ सैल होती, एका ओढीत सुटली असती. पदरामागचा घड तिच्या मनगटाला लागला, गार, जड, पोट भरलेल्या तान्ह्यासारखा. तिने गाठ सोडली नाही. दाताने धरून घट्ट केली.

‘तोडणी कधी?’

‘नऊ दिसांनी.’

‘मग नऊ दिवस थांबू आम्ही. आत्ता काढली तर तो परत आंधळा होईल.’

आणि ती खाली बसली. मातीत, विश्रामशेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर. बराच वेळ दोघं वर बघत राहिली.

‘नऊ दिवस करायचं काय?’ तिने विचारलं.

‘बसायचं.’

‘नुसतं?’ ती म्हणाली. ‘सांगा की काहीतरी.’

विश्रामने घसा खाकरला. उड्या मारणाऱ्या बसेस, उचक्या लागलेली इंजिनं, सगळी त्याच्या जिभेवर आली, आणि जिभेवरूनच परत गेली. ‘एक मोर होता,’ तो म्हणाला.

‘हं,’ मथुरा म्हणाली.

‘त्याला डोळा नव्हता.’

‘हं. मग?’

सूर्य डोंगराआड गेला. पलीकडच्या काठावर काळी द्राक्षं काळोखात विरघळली. नदी रुपेरी झाली, मग राखी, मग नुसता आवाज. साड्या मिटत गेल्या, रंगामागून रंग, ओळीमागून ओळ, डाळिंबी, अबोली, मोरपंखी. सगळ्यांत शेवटी हळद. आणि त्या विझत्या हळदीवर, एवढासा हिरवा उजेड डोळ्यात धरून, सातवा मोर उडून न जाता ऐकत राहिला.