वरच्या वेलाचा खालचा दुधी

मेट्रनबाईंनी आपली लेक खालच्याच मजल्यावर दिली, तेव्हा पोर डोळ्यांसमोर राहील एवढाच विचार केला होता. पोरीबरोबर विहीणबाईही डोळ्यांसमोर राहतील, हे जरा उशिरा लक्षात आलं.

इस्पितळातून निवृत्त झाल्यावर बाईंनी गॅलरीत दुधीचा वेल लावला. अत्यवस्थ रुग्णाची ठेवावी तशी त्याची निगा. कबुतरांनी कोंब खुडू नयेत म्हणून बारीक जाळी, मातीत शेणखत, मावा पडला की साबणाच्या पाण्याने पानन्‌पान पुसायचं. वेल फोफावला, पांढरी फुलंही आली. पण फुलामागचा बोटाएवढा दुधी पिवळा पडायचा आणि गळायचा. बाईंनी खत वाढवलं, पाणी कमी केलं, शेवटी वेलाला चार शब्दही सुनावले. वेल ढिम्म.

त्यातला एक फाटा मात्र जाळीच्या फटीतून सटकला आणि विहीणबाईंच्या उघड्या गॅलरीच्या गजांना मिठी मारून बसला. एके सकाळी बाईंनी जाळीचा कोपरा उचलून खाली पाहिलं, तर तिथे मनगटाएवढा दुधी लोंबत होता. वजनाने देठ तुटू नये म्हणून त्याला व्याह्यांच्या जुन्या बनियनची झोळीही बांधलेली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विहीण ती विहीण; तिच्याशी भांडायचं तेही मानपान सांभाळून. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्या मधाळ आवाजात म्हणाल्या, "आमचा वेल फार त्रास देतोय हो तुम्हाला. छाटून टाकू का?"

"छे हो, त्रास कसला?" विहीणबाई त्याहून मधाळ. "मुलगी काय नि वेल काय, एकदा आमच्या घरी आले की आमचेच."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी उद्योग आरंभला. विहीणबाई आंघोळीला गेल्या की त्या फाटा हलकेच वीतभर वर ओढून घेत. दुपारी बाई लवंडल्या की विहीणबाई तो तेवढाच खाली ओढत. दोघींना सगळं ठाऊक, आणि दोघी जिन्यात हवापाण्याच्या गप्पा मारत. दुधी मात्र या झोक्यावर छान बाळसं धरत होता.

एके दिवशी विहीणबाई आंघोळीला गेल्याच नाहीत. नळ सोडून ठेवला आणि गॅलरीच्या दाराआड दबा धरून बसल्या. वेल हलला तसा त्यांनी तो गच्च धरला. वर बाईंना वाटलं, कुठेतरी अडकला. त्यांनी जोर लावला. खालूनही जोर लागला. दोघी दातओठ खाऊन ओढत होत्या, पण तोंडातून चकार शब्द नाही. मग कट्‌कन आवाज झाला आणि दुधी झोळीसकट तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या अंगणात पडला.

दोघी लगबगीने खाली पोचल्या, तोवर काकांनी दुधी आत ठेवून दिला होता. बनियन त्यांनी दोरीवर वाळत घातलं होतं. त्याची चाळण झालेली सगळ्या अंगणाला दिसत होती.

"हे कुणाचं ते सांगा," काका शांतपणे म्हणाले. "त्याचाच दुधी."

विहीणबाईंचा चेहरा पडला. नवऱ्याची ही लक्तरं आपली म्हणायची कशी? इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण आता बाईंच्या हाती होता. त्यांनी बनियनकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं. पण चव्हाट्यावर टांगलेली ती अब्रू लेकीच्याही घरची होती.

"आमच्यापैकी कुणाचं नाही बाई," त्या म्हणाल्या. "आलं असेल वाऱ्याने." आणि विहिणीचा दंड धरून वर निघाल्या. पहिल्या वळणावर दोघींना असं हसू फुटलं, की कठड्याला टेकावं लागलं.

दारात उभ्या असलेल्या लेकीने मग खरा प्रकार सांगितला. जाळीने कबुतरं अडली तसे किडेही अडले. वरच्या फुलांना परागकण पोचवणार कोण? खालच्या फुलावर तिनेच संध्याकाळी नराचं फूल खुडून टेकवलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?" बाई म्हणाल्या.

"तू कुठे विचारलंस? तू तर वेलालाच रागावत होतीस."

त्या संध्याकाळी विहीणबाई वर आल्या. मागे इवलासा दुधी असेल ती मादी, नुसताच देठ असेल तो नर, एवढं कळायला दोघींना चष्मे पुसावे लागले. बाई फूल टेकवू लागल्या तशा विहीणबाई म्हणाल्या, "हलक्या हाताने हो. इंजेक्शन नाही द्यायचंय."

मेट्रनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याची सूचना मुकाट्याने ऐकली. दुधी धरला, वाढला, आणि बाईंनी तो बरोबर मधोमध चिरून अर्धा खाली पाठवला. देठाकडचा अर्धा कोणाच्या वाट्याला यायला हवा होता, यावर दोघींचं अजूनही एकमत झालेलं नाही.